मूळ डिस्कला हात न लावता

उबुंटूच्या बऱ्याच आवृत्त्यांत टर्मिनल उघडून ‘डीएफ’ ही आज्ञा दिली की नवखा माणूस दचकतो. लूप०, लूप१, लूप२ अशी दहा-पंधरा नावे ओळीने येतात आणि प्रत्येकापुढे वापर शंभर टक्के! शाळेच्या संगणक कक्षात हे पाहिलेला शिक्षक आधी हार्डडिस्क भरली म्हणून घाबरतो, मग काहीतरी पुसायला बसतो. पुसण्यासारखे तिथे काही नसते. उबुंटूत ‘स्नॅप’ पद्धतीने बसवलेले प्रत्येक सॉफ्टवेअर ही एक दाबून आवळलेली, फक्त वाचता येणारी फाइल असते. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ती फाइल डिस्क असल्यासारखी जोडून ठेवतो. तिच्यात नंतर भर घालायची नसल्याने रिकामी जागा ठेवलेलीच नसते. म्हणून शंभर टक्के.

या लूप डिस्का खऱ्या नाहीत, तरी संगणकाला त्या खऱ्याच वाटतात. ‘ब्लॉक डिव्हाइस’ म्हणजे कर्नलने दिलेले एक आश्वासन असते: अमुक क्रमांकाचा सेक्टर माग, मी ५१२ बाइट आणून देतो. ते बाइट फिरत्या तबकडीवरून आले, दुसऱ्या फाइलमधून आले की मेमरीतून, हे मागणाऱ्याला कळत नाही आणि कळण्याची गरजही नसते. लिनक्समध्ये अशी आभासी डिस्क तयार करणे, जोडणे, बदलणे आणि मोडणे यासाठी कर्नलने ठरावीक दारे ठेवली आहेत. ती दारे ओळखीची झाली, तर बिघडलेल्या डिस्कवरचा माल वाचवण्याचे काम दुकानदारापासून ग्रंथपालापर्यंत कुणालाही बऱ्याच निर्धास्तपणे करता येते.

धुळ्यासारख्या शहरात ही गरज पुस्तकी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ याच शहरात उभे राहिले. शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेल्या समर्थ संप्रदायाच्या हस्तलिखितांचे श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरही इथेच आहे. जुने कागद जपायचे तर आज स्कॅनिंग टळत नाही, आणि स्कॅनिंगला जागा किती लागते याचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. ए-फोर आकाराचे एक पान ३०० डीपीआयने रंगीत घेतले की न दाबलेल्या रूपात सुमारे २६ एमबी होते. अशी दहा हजार पाने म्हणजे २६० जीबी. ६०० डीपीआयने घेतली तर त्याच्या चौपट. एवढा ऐवज बहुधा एकाच बाहेरच्या हार्डडिस्कवर असतो. लग्नाचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओचे आणि जळगावच्या एखाद्या करसल्लागाराच्या हिशेबांचेही तेच. त्यात खानदेशातला मे महिना. पारा ४४-४५ वर गेलेला, मध्येच वीज गेलेली, आणि टेबलावर प्लास्टिकच्या डबीत कोंडलेली डिस्क.

मग एक दिवस ती उघडेनाशी होते.

इथे बहुतेक जण करतात ते सगळ्यांत वाईट: विंडोजने सुचवले म्हणून थेट मूळ डिस्कवर ‘चेकडिस्क’ चालवतात. दुरुस्ती करणारा कोणताही प्रोग्राम डिस्कवर लिहितो. मरायला टेकलेल्या डिस्कवर लिहिणे म्हणजे जे वाचता आले असते तेही घालवणे. शहाणा क्रम वेगळा आहे. आधी डिस्कची सेक्टर-न्-सेक्टर प्रत एका फाइलमध्ये उतरवायची, मूळ डिस्क काढून कपाटात ठेवायची आणि पुढचे सगळे प्रयोग त्या फाइलवर, म्हणजे आभासी डिस्कवर करायचे.

प्रत उतरवायला ‘डीडीरेस्क्यू’ वापरावे. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलते आणि अडलेल्या जागा मागे ठेवते. पहिल्या फेरीत ‘--नो-स्क्रेप’ हा पर्याय द्यावा, म्हणजे खराब पट्ट्यांवर ते घासत बसत नाही. सोपे ते हाती आले की दुसऱ्या फेरीत ‘--रीट्राय-पासेस’ देऊन उरलेल्या जागांवर परत जावे. त्याला एक नकाशा-फाइल द्यावी लागते, ती विसरू नये. कुठले सेक्टर वाचले, कुठले राहिले याची नोंद तिच्यात होते. मध्येच वीज गेली तरी तीच आज्ञा पुन्हा दिल्यावर काम थांबल्या जागेपासून सुरू होते. भारनियमन सोसलेल्या माणसाला या एका सोयीची किंमत वेगळी सांगायला नको. (आज्ञा या लेखात देवनागरीत लिहिल्या आहेत; कळफलकावर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकायच्या. आकडेही तसेच.) डिस्कमधून खरखर येत असेल, ती फिरतच नसेल, तर हा घरगुती मार्ग सोडून द्यावा. तिथे स्वच्छ खोलीत डिस्क उघडणाऱ्या व्यावसायिकाचे काम आहे.

फाइल हाती आली की पहिले दार लूपचे. लूप यंत्रणा थिओडोर त्सो यांनी १९९३ मध्ये लिहिली, म्हणजे लिनक्स अगदी कोवळे असताना. फार वर्षे तिचे नियंत्रण ओबडधोबड होते. संगणक सुरू होताना आठ लूप डिस्का तयार होत. नववी हवी तर मॉड्यूल नव्या आकड्याने पुन्हा चढवा. कुठली रिकामी आहे हे एकेकीला विचारत जावे लागे. २०११ च्या कर्नल ३.१ मध्ये ‘/डेव्ह/लूप-कंट्रोल’ हे स्वतंत्र दार आले. त्याला तीनच गोष्टी सांगता येतात: रिकामी डिस्क सांग, अमुक क्रमांकाची नवी तयार कर, अमुक काढून टाक. प्रोग्राम हे ‘आयऑक्टल’ या कर्नल-कॉलने सांगतात. माणसासाठी ‘लोसेटअप’ ही आज्ञा आहे, ती हीच दारे ठोठावते.

सुडो लोसेटअप --फाइंड --शो --रीड-ओन्ली --पार्टस्कॅन जुनी.आयएमजी

या एका ओळीत पाच कामे होतात. रिकामी लूप शोधली जाते, फाइल तिला जोडली जाते, लिहिण्याला मनाई होते, फाइलच्या आतली पार्टिशन्स ओळखली जातात आणि मिळालेले नाव, समजा ‘/डेव्ह/लूप०’, पडद्यावर येते. पहिले पार्टिशन मग ‘/डेव्ह/लूप०पी१’ म्हणून दिसते. पूर्वी फाइल जोडणे आणि तिच्या अटी सांगणे असे दोन कॉल लागत, आणि त्या दोहोंमधल्या क्षणात डिस्क अर्धवट स्थितीत उघडी पडे. २०२० च्या कर्नल ५.८ पासून दोन्ही एकाच कॉलमध्ये होतात.

‘--रीड-ओन्ली’ हा शब्द गाळण्याचा मोह होतो, कारण पुढे माउंट करताना ‘आरओ’ म्हणता येतेच, असे वाटते. फसगत इथेच होते. ईएक्सटी४ ही फाइल-प्रणाली फक्त वाचनासाठी माउंट केली तरी, आधी ती नीट बंद झालेली नसेल, तर आपल्या जर्नलमधल्या अर्धवट नोंदी डिस्कवर उतरवते. म्हणजे ‘फक्त वाचतो’ म्हणत लिहिते. लूपलाच मनाई केलेली असेल तर ती लिहू शकत नाही आणि माउंट व्हायला नकार देते. तेव्हा माउंटला ‘आरओ,नोलोड’ असे दोन पर्याय द्यावेत; जर्नलकडे न पाहता ती जशी आहे तशी उघडते. पुष्कळदा हव्या त्या फाइली एवढ्यानेच दिसतात, आणि मग दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायच्या इतकेच काम उरते. फोल्डरांची यादीच नष्ट झाली असेल तर ख्रिस्तोफ ग्रेनिए यांचा ‘फोटोरेक’ त्या लूपवर सोडावा. तो फाइलींच्या आतल्या खुणा ओळखून फोटो बाहेर काढतो. नावे मिळत नाहीत, पण नवरा-नवरी सापडतात.

दुरुस्ती केल्याशिवाय काही उघडतच नसेल तेव्हा खरी अडचण येते. दुरुस्तीला लिहावे लागते आणि आपण तर लिहायला मनाई केलेली. पुन्हा ५०० जीबीची दुसरी प्रत काढून तिच्यावर प्रयोग करणे हा एक उपाय आहे. पण तेवढी जागा आणि तेवढे तास कुणाकडे असतात? यासाठी दुसरे दार उपयोगी पडते: ‘/डेव्ह/मॅपर/कंट्रोल’.

डिव्हाइस-मॅपर ही यंत्रणा २००३ च्या डिसेंबरात आलेल्या २.६ कर्नलपासून लिनक्समध्ये आहे. धुळे जिल्ह्यातल्या वाचकाला ती समजावायला पांझरेकाठची फड पद्धती पुरेशी आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड. कुठल्या फडाला कधी आणि कुठून पाणी द्यायचे ते पाटकरी पाहतो. शेतकऱ्याने स्वतः बारे फोडायचे नसते. त्याच्या वाफ्यात पाणी येते, एवढेच त्याला दिसते. मॅपरमध्ये पाटकऱ्याच्या जागी कर्नल असतो आणि वाटपाचा ठराव एका तक्त्यात लिहिलेला असतो: आभासी डिस्कच्या अमुक सेक्टरपासून अमुक सेक्टरांपर्यंतची मागणी कुठे वळवायची. तक्ता बदलला की वळण बदलते. वापरणाऱ्या प्रोग्रामला पत्ताही लागत नाही.

या वळणांचे प्रकार बरेच आहेत. ‘लिनिअर’ सरळ दुसऱ्या डिस्ककडे नेते, आणि एलव्हीएम या डिस्क-विभागणीच्या पद्धतीचा बहुतांश डोलारा त्यावरच उभा आहे. ‘क्रिप्ट’ वाटेत कुलूपबंद करते. ‘व्हेरिटी’ प्रत्येक तुकडा मूळचाच आहे ना हे पडताळते. अँड्रॉइड फोन आपल्या सिस्टीम पार्टिशनवर हीच पहारेदारी बसवतो, म्हणजे डिव्हाइस-मॅपर आज कोट्यवधी खिशांत आहे. ‘एरर’ काही मागितले की चूकच परत देते. प्रोग्रामची परीक्षा घ्यायला ते बरे. आपल्याला हवे आहे ते ‘स्नॅपशॉट’. वाचन मूळ डिस्कवरून, लेखन मात्र बाजूच्या वेगळ्या डिस्कवर. एखादा तुकडा एकदा बदलला की पुढच्या वेळी तो बाजूच्या डिस्कवरून वाचला जातो, बाकीचे सगळे मूळ ठिकाणाहून. दुरुस्ती करणाऱ्या प्रोग्रामला वाटते आपण डिस्कवर लिहिले. प्रत जशीच्या तशी राहते.

प्रत्यक्षात हे असे होते. ‘ट्रंकेट’ आज्ञेने २० जीबीची एक पोकळ फाइल करावी. पोकळ असल्याने ती लिहिले जाईल तेवढीच जागा खाते. ती दुसऱ्या लूपला जोडावी, यावेळी अर्थातच लिहिण्याच्या परवानगीसह. समजा ‘/डेव्ह/लूप१’ मिळाली. मग ‘ब्लॉकडेव्ह --गेटएसझेड /डेव्ह/लूप०पी१’ म्हणून पार्टिशनचा आकार सेक्टरांत विचारावा. पाचशे जीबीच्या डिस्कवर तो ९७६७७१०७२ असा काहीसा येतो. हा आकडा नेहमी ५१२ बाइटांच्या मापात असतो, डिस्क आतून ४०९६ बाइटांची असली तरीही. तिथे हुशारी करून आठने भागू नये. आता तक्ता:

० ९७६७७१०७२ स्नॅपशॉट /डेव्ह/लूप०पी१ /डेव्ह/लूप१ एन ८

शून्याव्या सेक्टरपासून, एवढे सेक्टर, प्रकार स्नॅपशॉट, मूळ कोणते, लेखन कुठे. रोमन कॅपिटल ‘एन’ म्हणजे हे बदल तात्पुरते. संगणक बंद झाला की गेले. टिकवायचे असतील तर ‘पी’. शेवटचा ८ म्हणजे एकेक तुकडा आठ सेक्टरांचा, चार केबीचा. हा तक्ता ‘डीएमसेटअप क्रिएट पारख’ या आज्ञेला ‘--टेबल’ पर्यायातून, अवतरणचिन्हांत द्यावा. ‘/डेव्ह/मॅपर/पारख’ नावाची डिस्क उभी राहते. तिच्यावर ‘ई२एफएससीके’ खुशाल चालवावे. प्रोग्रामने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला हो म्हणून टाकावे. निकाल आवडला नाही तर ‘पारख’ काढून, पोकळ फाइल फेकून, नव्याने सुरुवात करावी; दोन मिनिटांचे काम. कुठली दुरुस्ती जास्त फाइली परत देते हे पाहायला तीन वेगवेगळ्या पारखा एकाच प्रतीवर शेजारी-शेजारी उभ्या करता येतात.

विंडोजच्या एनटीएफएस डिस्कला लिनक्सवरचा ‘एनटीएफएसफिक्स’ फार पुरा पडत नाही, तो जुजबी डागडुजीच करतो. तिथे ‘पारख’ ही डिस्क म्हणून आभासी संगणकाला द्यावी आणि त्या संगणकात चालणाऱ्या विंडोजकडून चेकडिस्क करवून घ्यावी. मूळ डिस्कवर जी गोष्ट घातक ठरली असती तीच इथे बिनधोक होते.

एका गोष्टीवर लक्ष ठेवावेच लागते. ‘डीएमसेटअप स्टेटस पारख’ म्हटले की तिरक्या रेघेने जोडलेले दोन आकडे येतात: बाजूच्या डिस्कचे किती सेक्टर भरले आणि एकूण किती. ती भरली की स्नॅपशॉट बाद होतो आणि स्टेटसमध्ये ‘इनव्हॅलिड’ दिसते. मूळ प्रतीला काही होत नाही, पण दुरुस्ती वाया जाते. पोकळ फाइल ज्या खऱ्या डिस्कवर ठेवली आहे तिथे जागा संपली तरी घात तसाच. तेव्हा जागा सढळ ठेवावी.

मॅपरचा तक्ता चालू असतानाही बदलता येतो, आणि हे काम कर्नल नेटकेपणाने करतो. प्रत्येक आभासी डिस्कला दोन कप्पे असतात, एक चालू तक्त्याचा आणि एक राखीव. ‘लोड’ने नवा तक्ता राखीव कप्प्यात बसतो, ‘सस्पेंड’ने वाहतूक थांबते, ‘रिझ्यूम’ने नवा तक्ता चालू होतो. नव्या तक्त्यात चूक असेल तर ती ‘लोड’च्या वेळीच बहुधा उघडी पडते, जुने काम चालूच असते. सस्पेंड करून चहाला जाऊ नये, एवढेच. त्या डिस्कवर लिहू पाहणारा प्रत्येक प्रोग्राम तेवढा वेळ गोठून बसतो.

‘डीएमसेटअप रिमूव्ह_ऑल’ ही आज्ञा मात्र शिकूच नये. ती ‘पारख’ आणि संगणकाची स्वतःची एलव्हीएम डिस्क यांत भेद करत नाही.

या सगळ्याला ‘सुडो’, म्हणजे प्रशासकाचा अधिकार, लागतो, आणि ते रास्त आहे. सायबर कॅफे किंवा शाळेच्या कक्षात सगळ्यांनाच ‘सुडो’ मोकळे करून ठेवण्याचा शॉर्टकट घेऊ नये. ज्याला मॅपरचे दार उघडे, त्याला कुठल्याही डिस्कवरचा कुठलाही सेक्टर वाचता-लिहिता येतो. मग पासवर्डला अर्थ उरत नाही. विद्यार्थ्याला एखादी आयएसओ फाइल उघडायची असेल तर ‘युडिस्क्ससीटीएल लूप-सेटअप’ ही आज्ञा आहे. ती परवानगीचे नियम पाळून हेच काम सामान्य वापरकर्त्याला करू देते.

तिसरे दार डिस्क वाचवण्याचे नाही, पण खानदेशातल्या कित्येक संगणक कक्षांना तेच आधी लागेल. दोन-चार जीबी मेमरीचे जुने संगणक ब्राउझर उघडताच रांगू लागतात. ‘झेडरॅम’ ही मेमरीतच राहणारी, आत येणारा मजकूर दाबून ठेवणारी आभासी डिस्क. तिच्यावर स्वॅप ठेवला की तीच मेमरी जास्त पुरते. फेडोराने २०२० मधल्या ३३ व्या आवृत्तीपासून हा स्वॅप मुळातच चालू ठेवला. तिचे नियंत्रण आयऑक्टलने होत नाही. ‘/सिस’ खालच्या साध्या दिसणाऱ्या फाइलींत आकडे आणि शब्द लिहिले की झाले. त्यात एक गंमत आहे. ‘/सिस/क्लास/झेडरॅम-कंट्रोल/हॉट_ॲड’ ही फाइल नुसती वाचली की कर्नल नवी डिस्क तयार करतो आणि तिचा क्रमांक हातात देतो. कुतूहलाने चार वेळा वाचली, तर चार डिस्का. नको असलेल्या ‘हॉट_रिमूव्ह’मध्ये क्रमांक लिहून काढाव्या लागतात.

क्रमही पाळावा लागतो: आधी दाबण्याची पद्धत, मग आकार. आकार एकदा लिहिला की ‘रीसेट’ केल्याशिवाय या दोन्ही गोष्टी बदलत नाहीत. ‘झेडरॅमसीटीएल’ ही आज्ञा हा क्रम स्वतः सांभाळते. कर्नलच्या कागदपत्रांत साधारण दोनास एक दाबले जाईल असा अंदाज दिला आहे आणि मेमरीच्या दुपटीपेक्षा मोठी झेडरॅम करण्यात फारसे हशील नाही असेही म्हटले आहे. चार जीबीच्या संगणकावर दोन ते चार जीबीची पुरते. आधीच दाबलेले फोटो आणि व्हिडिओ आणखी दबत नाहीत, तिथे फार अपेक्षा ठेवू नये.

डिस्क वाचवण्याचे काम संपल्यावर आवराआवर उलट क्रमाने करायची असते: आधी ‘यूमाउंट’, मग ‘डीएमसेटअप रिमूव्ह पारख’, शेवटी दोन्ही लूप ‘लोसेटअप --डिटॅच’. इथे कर्नल एक चकवा देतो. लूप कुणी वापरत असेल तरी आताचे कर्नल ‘डिटॅच’ला नकार देत नाहीत, काम झाल्याचे सांगतात आणि शेवटचा वापरणारा सोडून गेल्यावर ती आपोआप सुटेल अशी खूण करून ठेवतात. आज्ञा बिनबोभाट परतली म्हणून ५०० जीबीची फाइल पुसावी, तर डिस्कवर जागा मोकळी झालेलीच नसते. म्हणून पुसण्याआधी ‘लोसेटअप --लिस्ट’ पाहावे. यादीत त्या फाइलच्या ओळीत ‘ऑटोक्लिअर’खाली १ दिसला, किंवा नावापुढे ‘डिलीटेड’ लिहिलेले आढळले, तर तिला धरून बसलेला प्रोग्राम अजून चालू आहे. बहुतेक वेळा ती फाइल-मॅनेजरची विसरलेली खिडकी असते.